ठराव कागदावर, माणूस खड्ड्यात : महाड ते टिटवाळा

टिटवाळ्यात पदपथाची लादी उखडली, गटाराचे झाकण खचले की दोन उत्तरे ऐकू येतात. "नगरसेवकाला सांगा" किंवा "चालायचंच." आम्हाला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. रस्ता ही कुणाची मेहरबानी नाही, तो लढून मिळवलेला हक्क आहे.

या देशात रस्त्याने चालणे हाच जातीचा प्रश्न होता. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. 1924 साली केरळात वायकोमचा सत्याग्रह झाला, तो मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी. हा इतिहास ठाऊक असला की संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव आणि घाटांच्या रांगेत 'रस्ते' का आहेत, ते कळते.

नगरपालिका कशी वागते, हे मात्र महाड शिकवते. ऑगस्ट 1923 मध्ये बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे झाली तरी अस्पृश्यांच्या ओंजळीत थेंब पडला नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठरावच मागे घेतला! प्रकरण कोर्टात गेले आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च 1937 उजाडला. धडा सरळ आहे. ठराव म्हणजे अंमल नव्हे. पाठपुरावा सोडला तर कागद जिंकतो.

आज कागद आपल्या बाजूने भरपूर आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार सार्वजनिक रस्ते बांधणे व दुरुस्त ठेवणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, ऐच्छिक नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ हा कलम 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

आणि जमिनीवर? जुलै 2018 मध्ये कल्याणच्या खड्ड्यांनी माणसे मारली. टिटवाळा ज्या कल्याण-डोंबिवली महापालिकेत येते, तिथल्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. पाच वर्षे प्रशासकाचे राज्य! "नगरसेवकाला सांगा" म्हणणाऱ्यांनी सांगावे, त्या पाच वर्षांत कुणाला सांगायचे होते?

टिटवाळ्याला गणपतीसाठी येणारा भाविक वर्षातून एकदोनदा त्या रस्त्याने चालतो. पहाटेच्या लोकलसाठी स्टेशन गाठणारी घरकामगार, नाका कामगार आणि सफाई कामगार रोज चालतात. दुरुस्तीचा क्रम यांच्या पायांवरून ठरला पाहिजे. पदपथ मोकळा करायचा म्हटले की पहिली गाडी भाजीवालीच्या टोपलीवर येते, उखडलेल्या लादीच्या ठेकेदारावर येत नाही, हाही न्यायच उलटा.

म्हणून तोंडी तक्रार करू नका. जागेची खूण आणि तारखेसह फोटो जोडून प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या, आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. एकट्याची नको, वस्तीच्या सह्या घ्या. काम झाले नाही तर माहिती अधिकारात कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि दोष दायित्वाचा कालावधी मागा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. त्या कालावधीत रस्ता उखडला असेल तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, पुन्हा आपल्या करातून नव्हे.

महाडला आपली माणसे हात जोडून गेली नव्हती. प्रभाग कार्यालयातही हात जोडून जायचे नाही, अर्ज घेऊन जायचे.

जय भीम!