शाईपेन : दैनंदिन लेखनाचे साधन (यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात)

शाईचा साठा स्वतःच्या पोटात बाळगणारी व तो निबेच्या टोकापर्यंत आपोआप पुरविणारी लेखणी म्हणजे शाईपेन (फाउंटन पेन) होय. भाषाशुद्धीच्या काळात तिला ‘झरणी’ असा प्रतिशब्द सुचविण्यात आला. तो कोशांत राहिला, पण बोलीत ‘शाईपेन’ हाच शब्द रुळला. धनिकाच्या खिशात शोभणाऱ्या सोनेरी निबेच्या पेनांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. शाळकरी मूल, तलाठी, मुनीम आणि वकिलाचा कारकून यांनी रोज झिजविलेल्या स्वस्त पेनाचा त्या मानाने थोडा. यवतमाळसारख्या कापूसप्रधान जिल्ह्यात हे साधन लोकांच्या हाती कसे आले, कसे निवडले व वापरले गेले आणि ते मागे का पडले, याचा विचार येथे केला आहे.

पूर्वपीठिका : हा जिल्हा वऱ्हाडाचा भाग. इंग्रजी अमदानीत तो पूर्वी वणी (वून) या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. शाईपेन येण्यापूर्वी येथील दप्तरे बोरूने, म्हणजे तिरकस छाटलेल्या वेताच्या अथवा बरूच्या लेखणीने, मोडी लिपीत लिहिली जात. शाई काजळ व बाभळीचा डिंक घोटून घरीच केली जाई. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन. त्यावर प्रकाशाचा परिणाम होत नाही, त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद, वाळवी व ओल यांतून वाचले असल्यास, आजही काळेभोर दिसतात. पुढे पोलादी निबेचा टाक आला. टाकाला दौत व टिपकागद यांची जोड लागे आणि दर दोन-चार शब्दांनी तो बुडवावा लागे. बैठकीवरच्या कामास तो पुरे, पण शेताच्या बांधावर किंवा कापसाच्या ढिगाजवळ उभ्याने लिहिणाऱ्यास गैरसोयीचा होता.

पोटात शाई भरण्याची कल्पना जुनी आहे. पेट्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्याने १८२७ मध्ये फ्रान्समध्ये अशा लेखणीचे पेटंट घेतले. मात्र शाई एकदम गळते किंवा अजिबात उतरत नाही, ही अडचण न्यूयॉर्कच्या ल्यूइस वॉटरमन याने १८८४ च्या पेटंटात समाधानकारक रीत्या सोडविली. निबेखाली बसविलेल्या जिभेत त्याने बारीक खाचा ठेवल्या. त्यांतून शाई केशाकर्षणाने खाली येते व तिच्या जागी हवा वर जाते. आजचे अत्यंत स्वस्त पेनही याच तत्त्वावर चालते. स्वस्त व महाग पेनांतील फरक बहुधा निबेचा धातू, जोडणीची सफाई आणि दिखाऊपणा यांत असतो. मूळ यंत्रणेत तो फार नसतो.

वर्ध्याचा प्रसंग : विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत पेन हे प्रामुख्याने आयात होणारे साधन होते. कलकत्ता, बनारस येथे देशी बनावटीचे प्रयत्न झाले होते. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न यवतमाळच्या शेजारी, वर्धा नदीपलीकडे उपस्थित झाला. १९३४ अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्यालय वर्ध्याच्या मगनवाडीत होते व जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. हातकागद, देशी शाई, बोरू यांचा पुरस्कार तेथून होत असे. आंध्रातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी १९३२ मध्ये पेने बनविण्यास आरंभ केला होता. त्यांनी कुमारप्पांमार्फत पाठविलेले पेन गांधीजींनी वापरून पाहिले आणि जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्र लिहून, बाजारातील परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, असे कळविले.

या पत्राचा गौरव पुष्कळदा केला जातो, परंतु त्यामागील पेच दुर्लक्षिला जातो. बोरू खेड्यात फुकट मिळे व तो छाटण्याची कला प्रत्येक लिहिणाऱ्यास येई. शाईपेनाचा दांडा कातारी घडवू शकत असला, तरी एबोनाइट, निब आणि निबेच्या टोकावरील कठीण धातूचा कण यांसाठी गावाबाहेर, बहुधा देशाबाहेर, पाहावे लागे. म्हणजे हे साधन पूर्णार्थाने ग्रामोद्योगाचे नव्हते. तरीही ज्याला दिवसभर लिहायचे, त्याला बोरूकडे परत जा असे सांगणे व्यवहार्य नव्हते. गांधीजींनी पेन वापरून, मगच मत दिले, हे येथे महत्त्वाचे ठरते.

शाई : पेनापेक्षा शाईचे स्वदेशीकरण लवकर व अधिक खोलवर झाले. मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांचे बंधू यांनी १९३१ मध्ये ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड व वड्या विकण्यास सुरुवात केली. पुढे त्यांची ‘कॅमल’ शाई महाराष्ट्रभर पोहोचली आणि ‘कॅमल’ व ‘इंक’ यांच्या जोडातून ‘कॅमलिन’ हे नाव रूढ झाले. २०११ मध्ये या कंपनीतील बहुसंख्य भाग जपानच्या कोकुयो कंपनीने घेतला. बंगालमधील ‘सुलेखा’ शाईचा उद्योगही १९३४ मध्ये स्वदेशीच्या प्रेरणेनेच उभा राहिला होता.

शाईची वडी ही खेड्यातील शाळेची मोठी सोय होती. बाटली फुटे, वडी खिशात मावे. पण ती विहिरीच्या पाण्यात विरघळविली जाई आणि विदर्भाच्या पुष्कळ भागांतील पाणी जड आहे. त्यातील क्षार व न विरघळलेला गाळ जिभेच्या खाचांत बसत. ‘पेन चालत नाही’ या तक्रारीमागे पेनाचा दोष कमी व पाण्याचा अधिक असे. उकळून, निवळून, फडक्यातून गाळलेले पाणी वापरल्यास हा त्रास बराच टळतो. काजळाची घरगुती शाई अथवा चित्रकामाची काळी शाई शाईपेनात कधीही भरू नये. तिच्यातील कण व डिंक सुकून वाट कायमची बंद करतात.

रंगद्रव्याच्या शाईने एक नवा धोकाही आणला. धुता येणारी निळी शाई शाळकरी मुलांच्या कपड्यांसाठी सोईची. परंतु गळक्या छपराखाली ठेवलेल्या दप्तरात तीच अक्षरे एका पावसाळ्यात नाहीशी होतात, उन्हात ठेवल्यास फिकट पडतात. जमिनीचे फेरफार, वाटणीपत्र, कर्जाची नोंद असा मजकूर अशा शाईने लिहिणे म्हणजे आपला हक्क पाण्यावर लिहिणे होय. म्हणूनच दस्तऐवजांसाठी पक्क्या निळ्या-काळ्या शाईचा आग्रह धरला जाई. तिच्या जुन्या प्रकारात लोहक्षार व टॅनिन असते. लिहिताना फिकी दिसणारी अक्षरे हवेशी संयोग होऊन काळवंडतात व कागदाच्या तंतूंत मुरतात. तीच शाई साध्या पोलादी निबेस गंज आणते. पक्की शाई वापरणाऱ्याने पेन वारंवार धुतले पाहिजे, ही तिची किंमत.

निवड : स्वस्त पेन घेताना रंग व टोपणावरील पट्टी यांपेक्षा निब पाहावी. गंजरोधी पोलादाची निब रोजच्या लेखनास पुरेशी असते. सोने अधिक टिकते ते शाईच्या आम्लापुढे, अक्षर त्याने सुधारत नाही. निबेच्या टोकावर कठीण मिश्रधातूचा बारीक थेंब असावा. तो नसेल तर खरखरीत कागदावर टोक काही महिन्यांत घासून जाते. निब प्रकाशाकडे धरली असता मधली फट टोकाकडे निमुळती होत जावी आणि तिचे दोन्ही भाग एका पातळीत असावेत. दुकानात पेन शाईत बुडवून ‘श्री’ लिहून पाहण्याची प्रथा मंगल असली तरी परीक्षा म्हणून अपुरी आहे. ‘ळ’, ‘क्ष’, ‘ह्य’ अशी वळणाची व जोडाक्षरी अक्षरे सलग ओळभर, शिरोरेषेसह लिहावी. कोणत्याही दिशेने निब अडखळली किंवा रेघ तुटली, तर पेन परत करावे. देवनागरीत मात्रा, अनुस्वार व जोडाक्षरे थोड्या जागेत बसवावी लागतात. त्यामुळे अरुंद ओळींच्या वहीसाठी बारीक निब बरी. बोरूसारखी जाड-बारीक वळणे हवी असल्यास तिरकस कापाची निब मिळते, पण ती सुलेखनाची, हिशेबाची नव्हे.

शाई भरण्याच्या पद्धतींत ड्रॉपरने थेट दांड्यात शाई ओतण्याची पद्धत सर्वांत जुनी, स्वस्त व साठा मोठा ठेवणारी आहे. रबरी पिशवी दाबून, आतला दट्ट्या ओढून किंवा तयार नळी बसवून भरण्याच्या पद्धती नंतर आल्या. ड्रॉपरच्या पेनाचा एक दोष यवतमाळच्या हवेत विशेष जाणवतो. मे महिन्यात येथील तपमान ४२° से. च्या वर जाते. शाई अर्ध्याहून कमी उरली की दांड्यातील हवा उन्हाने व हाताच्या उबेने प्रसरण पावते आणि निबेतून थेंब टपकतो. सदऱ्याच्या खिशावरील निळा डाग ही एका पिढीची ओळखच होती. उपाय साधा आहे : पेन पूर्ण भरलेले ठेवावे, निब वर करून खिशाला लावावे आणि आट्यांना किंचित ग्रीस अथवा मेण लावावे. उलटपक्षी टोपण सैल असल्यास त्याच कोरड्या हवेत निब सुकते. म्हणून टोपण घट्ट बसते की नाही, हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

निगा : महिन्या-दोन महिन्यांनी पेन साध्या थंड पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. गरम पाण्याने एबोनाइट फिके पडते व प्लॅस्टिक वाकते. दोन वेगळ्या शाया एकत्र करू नयेत. निबेत अडकलेला कागदाचा तंतू ब्लेडने न काढता पातळ कागदाची कड फटीतून ओढून काढावा. दाब न देता लिहिणे ही मुख्य सवय. शाईपेन कागदावर नुसते टेकले तरी उमटते, दाबल्यास निब फाकते. आपले पेन दुसऱ्यास न देण्याच्या रूढीमागे निब एका हाताच्या कलाने झिजते, अशी समजूत होती. ती सर्वस्वी निराधार नसली, तरी पेन बिघडण्याचे कारण बहुतेक वेळा दुसऱ्याचा दाब हेच असे.

बॉलपेनचा प्रसार : लास्लो बिरो याने १९३८ मध्ये बॉलपेनचे पेटंट घेतले, भारतीय खेड्यांत ते खऱ्या अर्थाने पोहोचले ते १९७० नंतर. आरंभी शाळांत त्यास मज्जाव असे व त्याने अक्षर बिघडते, असे शिक्षक सांगत. तरीही ते जिंकले, आणि केवळ स्वस्ताईने नव्हे. कापसाच्या जिल्ह्यात पावती हा व्यवहाराचा कणा आहे. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, सहकारी संस्था व बाजार समित्यांचा कागदी व्याप वाढला. पावतीच्या दोन-तीन प्रती कार्बन कागद घालून एकदम काढायच्या, तर जोर देऊन लिहावे लागते. शाईपेनाची निब तो जोर सोसत नाही. शेतकऱ्याच्या हातातील प्रत वाचता आली पाहिजे, या गरजेपुढे अक्षराच्या सौंदर्याचा मुद्दा टिकला नाही. स्वस्त वह्यांचा कागदही शाई फुटणारा असे. पेनांची निब बदलून देणारे, जीभ घासून बसविणारे कारागीर मग गावोगावच्या बाजारांतून हळूहळू दिसेनासे झाले. सातबारा उतारे व फेरफार संगणकावर गेल्यावर तलाठ्याच्या दप्तरातील हस्तलेखनही आटले.

शाईपेन मात्र संपलेले नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडलेल्या ‘सुलेखा’ने २०२० मध्ये शाईपेनासाठीच्या शाया पुन्हा बाजारात आणल्या. राजमहेंद्रीसह देशात काही ठिकाणी हातकातणीची पेने बनतात, आणि शाळकरी वापराची देशी व चिनी बनावटीची स्वस्त पेने तालुक्याच्या पुस्तकविक्रेत्याकडेही मिळू शकतात. एक बाटली शाई विद्यार्थ्यास अनेक महिने पुरते; तेवढ्या काळात टाकून दिलेल्या बॉलपेनांचे प्लॅस्टिक मात्र उकिरड्यावर साठत राहते.