अहवाल नावाचे गद्य: खानदेशाच्या निमित्ताने

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण महानुभावांच्या लीळांपासून निघतो, बखरींपाशी थांबतो आणि तिथून थेट निबंध-कादंबरीकडे वळतो. वाटेत एक फार मोठा मुलूख सुटतो. तो मुलूख कारकुनी गद्याचा. वास्तविक कोणत्याही काळात सर्वाधिक मराठी गद्य कारकुनांनी लिहिले आहे, तरीही त्याला वाङ्मयेतिहासात जागा नाही. त्याची आठवण होते ती उपयोजित मराठीच्या तासाला, आणि तिथे ‘अहवालाची भाषा सोपी, स्पष्ट असावी’ या वाक्यावर विषय संपतो.

‘अहवाल’ हा शब्दच पाहावा. अरबी ‘हाल’ म्हणजे स्थिती. त्याचे अनेकवचन ‘अहवाल’. कैफियत, हकीकत, तकरीर हे त्याचे सगेसोयरेही त्याच वाटेने आले. पैकी कैफियतीच्या मुळाशी ‘कसे?’ हा प्रश्न आहे आणि तकरीर म्हणजे तोंडी सांगितलेले लेखी उतरवणे. वतनाच्या भांडणात पक्षकार आपल्या घराण्याची साद्यंत हकीकत मांडी, तिला करीना म्हणत. हे सारे अहवालाचेच प्रकार होत. आणि प्रत्येक प्रकाराला आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत याचे भान होते.

या कागदांचे मोल ओळखणारा माणूस खानदेशात विसावला, हा योगायोग खरा. पण बोलका आहे. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले दप्तर सांभाळण्यासाठी १९२७ साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. १७५० ते १७६१ या काळातील पत्रे त्यात आहेत. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरकारांची जी झडती घेतली, ती मला अहवाललेखनाच्या दोषांची मराठीतील पहिली गंभीर चिकित्सा वाटते. प्रसंगांचा क्रम उलटा, माणसांची नावे चुकलेली, तिथींचा पत्ता नाही, ऐकीव आणि पाहिलेले एकाच सुरात सांगितलेले! बखरीची रसाळ भाषा त्यांना यातील कोणत्याच दोषावरचा उतारा वाटत नव्हती.

मात्र ज्या पत्रांच्या जोरावर त्यांनी बखरींना धारेवर धरले, ती पत्रेही निर्दोष नव्हती. त्यांतल्या कितीतरी पत्रांत महिना आणि तिथी आहे, पण वर्ष नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष ठाऊकच होते. ते कागदावर घालण्याची गरज कोणाला भासावी? पुढे संशोधकांच्या पिढ्या मजकुरातील एखाद्या स्वारीच्या किंवा मृत्यूच्या उल्लेखावरून ती वर्षे ठरवत बसल्या. आपला कागद पत्त्यावरच्या माणसाखेरीज कोणी वाचणार नाही, असे धरून चालणे हा अहवालाचा सर्वांत जुना आणि आजही न सुटलेला दोष आहे.

जिथे पैशाचा प्रश्न होता तिथे मात्र जुना लेखक विलक्षण सावध असे. हुंडीतील रक्कम आकड्यात, मग अक्षरात, आणि त्यावर निम्मी रक्कम सांगून ‘त्याची दुप्पट’ असा तिहेरी पहारा असे. शंभराचे हजार करणाऱ्याला तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागे. मजकुराखाली कोणी ओळ घुसडू नये म्हणून लेखनसीमेचा शिक्का. कागदाला कागद जोडला तर सांध्यावरही शिक्का. त्यात शैलीचा हव्यास नव्हता. चूक कुठे शिरू शकते याचा अनुभव मात्र होता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, शब्दही तोडले जात नसत, तरी व्यवहार अडला नाही. शुद्धलेखनालाच लेखनशुद्धी समजणाऱ्या आपल्या शिक्षकवर्गाने याचा विचार करावा.

धुळ्यातच याची दुसरी बाजूही आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी डोमगावच्या कल्याणस्वामींच्या प्रतीवरून दासबोध १९०५ साली प्रसिद्ध केला. त्यातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा. कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागू नये इतका समास सोडावा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असे समर्थ सांगतात. लेखकाला आपल्या पश्चात येणाऱ्या वाचकाची काळजी आहे, हे त्यातून स्वच्छ दिसते.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, ब्रिग्जने धुळ्यात ठाणे केले, आणि इंग्रजी दफ्तराची सवय मराठीला लागली. राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानंतर मराठी कारभाराची भाषा झाली खरी, पण वाक्याची घडण बरीचशी भाषांतरित राहिली. ‘करण्यात आले’, ‘निदर्शनास आले’, ‘कार्यवाही प्रस्तावित आहे’. यांत कर्ता कुठे आहे? जुन्या करीन्यात ‘आपण’, ‘आपला बाप’, ‘अमक्या पाटलाने’ असे चालते-बोलते कर्ते असत. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतील फारसी शब्दांचे प्रमाण मोजून शतकभरात ते कसे घसरले हे दाखवले होते. तशीच कोणी सरकारी मराठीतील हरवलेल्या कर्त्यांची मोजदाद केली पाहिजे.

हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात वादळाने केळीची बाग आडवी होते, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती येतो तो पंचनामा. बागेचा मालक लेवा बोलीत किंवा अहिराणीत सांगतो, की खांब मोडले, घड कापणीला आले होते, वारा कोणत्या दिवशी किती वाजता सुटला. कागदावर समजा उतरते ते असे: ‘पिकाचे अंशतः नुकसान झाल्याचे आढळून आले.’ अंशतः म्हणजे किती? कोणाला आढळले? कापणीला आलेला घड आणि कोवळा घड यांतला फरक कुठे गेला? भरपाईचा निर्णय घेणारा अधिकारी ही बाग पाहणार नसतो. त्याच्यापुढे ते एक वाक्यच असते आणि खाली सही करणाऱ्या पंचांनी ते वाचलेले असतेच असे नाही.

तकरीर घेणाऱ्या कारकुनाचे काम बोलणाऱ्याचे म्हणणे उतरवणे हे होते. आजचा पंचनामा त्याच्या म्हणण्याचा अनुवाद करतो, आणि त्या अनुवादात आकडे, वेळ आणि माणूस या तिन्ही गोष्टी गळून पडतात. उपयोजित मराठीच्या वर्गात अहवालाचे तयार नमुने पाठ करून घेण्याऐवजी एक जुना करीना आणि एक आजचा पंचनामा शेजारी ठेवून वाचायला द्यावेत. पहिला वाचताना मोडी शिकावी लागेल. दुसरा कळायला बहुधा शेतकऱ्यालाच बोलावावे लागेल.