टोचणीचा दाखला आणि भोपाळचे यात्री



परदेशी निघालेल्या माणसाने आधी टोचून घ्यावे, हे आज आपल्याला पासपोर्टइतकेच स्वाभाविक वाटते. या रिवाजाचा इतिहास शोधू लागलो, तेव्हा मी पुन्हा पुन्हा आपल्या भोपाळपाशीच येऊन थांबलो.

इ. स. 1863 च्या अखेरीस नवाब सिकंदर बेगम हजयात्रेस निघाल्या आणि मुंबईहून समुद्रमार्गे 1864 च्या जानेवारीत जेद्दाहला उतरल्या. त्यांचे यात्रावर्णन 1870 साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. राज्यकर्त्या स्त्रीच्या चौकस नजरेसाठी ते अवश्य वाचावे. त्या काळी देवीखेरीज कोणत्याही साथीच्या रोगावर माणसाला टोचण्याजोगी लस नव्हती. पटकीपुढे बेगम आणि त्यांचा पाणक्या दोघेही सारखेच निराधार होते.

पुढच्याच वर्षी, 1865 मध्ये, मक्केत पटकी उसळली. यात्रेकरूंबरोबर ती इजिप्तमध्ये आणि तेथून युरोपात पोहोचली. 1866 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने तिच्या उगमासाठी बोट दाखविले ते हिंदुस्थानाकडे. 1882 पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर यात्रेकरूंची जहाजे अडविली जाऊ लागली. यात यात्रेकरूच्या प्रकृतीची चिंता दुय्यम होती. मुख्य चिंता युरोपची. ही भीती निराधार नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिचे ओझे वाहिले ते बहुतांशी डेकवर दाटीवाटीने बसलेल्या गरिबाने.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि 1897 साली तेथून हजला जाण्यासच सरकारने मनाई केली. त्याच वर्षीच्या 10 जानेवारीस डॉ. हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात सिद्ध केलेली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. माझ्या मते खरे वळण हे. विलगीकरण माणसाला अडवून ठेवी. लस त्याला जाऊ देण्याची शक्यता घेऊन आली. सिकंदर बेगमांची नात, नवाब सुलतान जहाँ बेगम, 1903 साली हजला निघाल्या त्या याच प्लेगच्या छायेत.

पीतज्वराच्या बाबतीत मात्र भूमिका उलटल्या आहेत. हा रोग आपल्याकडे नाही; पण तो पसरविणारा एडिस डास आपल्या कूलरच्या टाक्यांत सुखाने नांदतो. म्हणून पीतज्वरग्रस्त देशांतून दाखल्यावाचून आलेल्या प्रवाशाला आपण सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतो. कामरानचे तर्कशास्त्र आता आपल्या विमानतळांवर आहे, आणि त्याची आवश्यकता आपल्याला सहज पटते!

हजयात्रेकरूंना 2002 पासून मेंदूज्वराच्या चार प्रकारांवरची लस आवश्यक झाली. पीतज्वराच्या दाखल्याची दहा वर्षांची मुदत 11 जुलै 2016 पासून आजन्म झाली. मात्र पहिल्यांदा टोचल्यावर तो दाखला दहा दिवसांनीच ग्राह्य होतो. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे नोकरीनिमित्त केनिया-नायजेरियास जातात, त्यांनी तिकिटाची तारीख ठरविण्याआधी हे दहा दिवस मोजावेत.