एक पाया, पांच नांवें

एकाच पातेल्यांतील आमटी चांदीच्या वाटींत वाढली, म्हणून तिची चव पालटत नाहीं. हा घरगुती न्याय अमेरिकेंतील जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीस मात्र मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

१९७३ व १९७९ सालच्या तेलटंचाईनंतर अमेरिकन ग्राहक काटकसरी जपानी मोटारींकडे वळूं लागला. त्यास उत्तर म्हणून कंपनीनें १९८१ सालीं ‘जे’ या अक्षरानें ओळखला जाणारा लहान मोटारींचा समाईक पाया पुढें आणला. पाया म्हणजे केवळ चाकांवरील सांगाडा नव्हे. इंजिन कोठें बसावयाचें, पुढच्या चाकांना गति कशी मिळावयाची, हें सर्व त्यांतच ठरतें. त्याची आंखणी व चांचणी फार खर्चाची. तोच पाया अनेक गाड्यांस दिला, कीं खर्च वांटला जातो.

येथवर विचार निर्दोष होता. परंतु १९२० नंतरच्या दशकांत आल्फ्रेड स्लोन यांनीं या कंपनीच्या मोटारींची एक शिडीच रचली होती. तळाशीं शेव्हरोले, मग पाँटिअॅक, ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि शिखरावर कॅडिलॅक. उत्पन्न वाढेल तसतशी ग्राहकानें पायरी चढावी, हा हेतु. आतां पांचहि पायऱ्यांवर एकाच पायाची, जवळजवळ एकाच चेहऱ्याची गाडी उभी राहिली. शेव्हरोलेची कॅव्हेलियर आणि कॅडिलॅकची सिमरॉन यांत कातडी बैठका व शोभेच्या पट्ट्या यांपलीकडे फारसा फरक दिसेना. १९१४ नंतर कॅडिलॅकनें चार सिलिंडरांचें इंजिन प्रथमच वापरलें. किंमत मात्र सुमारें १२,००० डॉलर, म्हणजे कॅव्हेलियरहून हजारों डॉलर अधिक! श्रीमंत गिऱ्हाईक फसलें नाहीं. उलट कॅडिलॅक या नांवाचीच प्रतिष्ठा उणावली. १९८८ सालीं सिमरॉन बंद झाली.

दोष पायाचा होता काय? तसें म्हणतां येत नाहीं. त्याच पायावर जर्मनींत ओपेलची अस्कोना, ब्रिटनमध्यें वॉक्सहॉलची कॅव्हेलियर व ऑस्ट्रेलियांत होल्डनची कॅमिरा निघाली. ब्राझीलमध्यें तर शेव्हरोलेची मोंझा १९८४ ते १९८६ अशीं तीन वर्षें विक्रींत पहिली होती. प्रत्येकीचा बाजार निराळा असल्यानें एकीनें दुसरीचा मान घेतला नाहीं.

जमिनीखालचा पाया समाईक असण्यांत कमीपणा नाहीं. आज बहुतेक मोठे कारखाने तेंच करतात. पण ज्या वेगळेपणासाठीं गिऱ्हाईक अधिक पैसे मोजतो, तें वेगळेपण खरें असावें लागतें. नुसत्या नांवाच्या पाटीवर तें फार दिवस टिकत नाहीं.