आतल्या कडीचा इतिहास

पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आजही उभा आहे. हत्तीने धडक देऊ नये म्हणून फळ्यांवर ठोकलेले अणकुचीदार खिळे, मोठ्या दारातच माणसापुरती ठेवलेली दिंडी, सगळे जागच्या जागी आहे. आतला लाकडी वाडा मात्र १८२८च्या आगीत जळाला आणि त्याबरोबर दालनांमधली दारेही गेली. दारांच्या इतिहासाचे एकूणच असे झाले आहे. बाहेरचे दार टिकते, त्याची वर्णने होतात, नक्षीदार चौकट संग्रहालयात जाते. घराच्या पोटातल्या दारांची दखल कोणी घेत नाही. घरातली माणसे एकमेकांशी कशी वागत होती, हे खरे तर हीच दारे सांगतात. त्यासाठी लाकूड आणि नक्षी पाहून भागत नाही, कडी कोणत्या अंगाला आहे ते पाहावे लागते. मराठी घरातल्या दारांचा इतिहास म्हणजे कडी बाहेरच्या अंगाकडून आतल्या अंगाला येण्याचा इतिहास, असे माझे म्हणणे आहे. घरासाठी दार निवडतानाही तो ध्यानात ठेवायला हवा.

वाड्याची मांडणी आठवून पाहावी. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, कोठीघर, मागची पडवी. खोल्या एकीतून दुसरीत उघडत, म्हणजे माजघर ही खोली होती तशीच वाटही होती. कोणी कुठवर यायचे हे बहुतेक ठिकाणी उंबऱ्यावरच ठरे. परका पुरुष ओटीवर थांबे, सोवळ्याची हद्द स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी सुरू होई. फळी बंद करण्याची गरज नव्हती, कारण हद्द प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली होती. जिथे दार खरोखर बंद होई, तिथे कडी-कोयंडा बाहेरून असे. कोठीघराला कुलूप घालायचे ते धान्य, तूप, भांडी राखण्यासाठी. किल्ली घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला. देवघराचे दारही बाहेरूनच ओढून घ्यायचे. ही दारे वस्तू राखत होती, माणसाला एकांत देण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते.

दार बसवण्याची जुनी रीतही हेच सांगते. फळीच्या एका कडेला वर आणि खाली लाकडाचेच गोल खुंट ठेवायचे. खालचा खुंट उंबऱ्याच्या खळगीत आणि वरचा चौकटीच्या माथ्यावरच्या भोकात फिरायचा. दाराचे सगळे वजन उंबऱ्यावर येई. म्हणून चौकट आधी उभी करायची, तिला हळदकुंकू वाहायचे आणि मग तिच्या दोन्ही अंगांनी भिंत चढवायची. असे दार घराच्या हाडामांसाचा भाग असे. मनात आले म्हणून खोलीला नवे दार लावावे, ही सोयच नव्हती. बिजागरी आणि स्क्रू सर्रास मिळू लागले तेव्हा दार भिंतीपासून मोकळे झाले. बांधून झालेल्या घरातही ते लावता, काढता किंवा दुसऱ्या अंगाला फिरवता येऊ लागले.

यावर कोणी म्हणेल, एकांताची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. रायगडावर खलबतखाना दाखवतात तो कशासाठी? हे खरे आहे. आतून बंद होणारी जागा माहीत होती. पण ती राज्यकारभाराच्या गुप्त बोलण्यासाठी होती, माजघरातल्या सुनेसाठी नव्हती. दुसरा आक्षेप जागेचा आणि पैशाचा. छोट्या घरात दारे कुठून आणणार? पण मोठ्या वाड्यांत खणांमागून खण होते, सागवान होते, हाताशी कसबी सुतार होते, तरी घरातल्या बायका माजघरातच निजत. म्हणजे अडचण केवळ ऐपतीची नव्हती. रमाबाई रानड्यांच्या १९१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणी या संदर्भात वाचाव्यात. न्यायमूर्ती रानडे त्यांना शिकवत, आणि त्या शिकण्याबद्दल घरातल्याच स्त्रिया त्यांना घालूनपाडून बोलत. माणसांनी भरलेल्या घरात वाचणाऱ्या बाईला आडोसा किती दुर्मीळ होता, हे तिथे कळते.

मुंबईने हा प्रश्न आधी अवघड केला आणि मग सोडवला. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने चाळी बांधल्या. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. बीडीडीतली खोली १६० चौरस फुटांची. बिऱ्हाडाला दार एकच, तेही बाहेरच्या वाटेवर उघडणारे. आत सगळा कारभार पडदा, कपाट आणि मोरीचा आडोसा यांवर. त्याच सुमारास दादर-माटुंग्याला ब्लॉक बांधले जाऊ लागले. घरातच संडास-न्हाणीघर आले, निजायची खोली वेगळी झाली, आणि त्या दारांना कडी आतून बसली. न्हाणीघराची आतली कडी ही मला मोठी सामाजिक घटना वाटते. घाई न करता आणि कोणाची चाहूल न घेता अंघोळ करणे, हे असंख्य बायकांच्या वाट्याला प्रथमच आले.

चाळीत दारे उघडी होती म्हणून माणसे जोडलेली राहिली आणि बंद खोल्यांनी ती तोडली, ही तक्रार मनापासून केली जाते. तिच्यातला जिव्हाळा खोटा नाही. परंतु चाळीतला शेजार टिकला तो एकमेकांच्या अडीनडीला धावून गेल्यामुळे. आतल्या खोलीला दार नव्हते, हे काही त्याचे कारण नव्हे. शिवाय ज्याला दार लावताच येत नाही, त्याने ते उघडे ठेवले यात मोठेपणा कसला? कडी हाताशी असूनही उघडे ठेवलेले दारच खरे आपुलकीचे.

म्हणून आज दार घेताना दिखाऊ डिझाइनच्या आधी ते कोणासाठी आहे हे विचारावे. आतून पोकळ, हलके दार स्वस्त पडते, पण बोलणे आरपार जाते. अभ्यासाच्या किंवा आजाऱ्याच्या खोलीला भरीव फ्लश डोअर घ्यावे. त्याला तीन बिजागऱ्या हव्यात, कारण सगळी ओढ वरच्या बिजागरीवर येते आणि ती सैल झाली की फळी जमिनीला घासते. वरच्या-खालच्या कडांनाही रंग द्यावा. तिथूनच पावसाळ्यात ओल शिरते, लाकूड फुगते आणि दार चौकटीत अडकते. वृद्धांच्या खोलीचे आणि न्हाणीघराचे दार आतून लागावे, पण माणूस आत पडला तर बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल असे लॉक बसवावे. एकांत दिला तर जिवाला धोका, ही शंका एवढ्या छोट्या योजनेने मिटते. कोठीघराच्या कडीत घरातल्या वस्तूंची काळजी होती. आता दारामागे माणूस आहे, आणि ते कधी उघडायचे हे ठरवण्याचा पहिला हक्क त्याचाच आहे.