गुलामचोराचा कुळवृत्तांत

पत्त्यांच्या राज्यात थाट राजाराणीचा. परंतु दिवाळीच्या सुटीत मुलांना एका जागी बसविण्याचे श्रेय गुलामाचे. गुलामचोराची रीत सोपी. ५२ पानांतून एक गुलाम बाजूला काढावा, उरलेली ५१ पाने पिसून वाटावीत आणि ज्याने त्याने आपल्या हातातील जोड्या खाली टाकाव्यात. मग पाळीपाळीने शेजाऱ्याचे एक पान न पाहता ओढावे. जोड लागली की टाकावी. अखेर २५ जोड्या पडतात आणि गुलाम ज्याच्या हाती उरतो, तो चोर! कोणी तीन गुलाम काढून एकच ठेवतात, तेव्हा जोड्या २४. कोणी लालाला लाल व काळ्याला काळेच पान मागतात, म्हणजे डाव लांबतो.

हा गुलाम आपल्या जुन्या गंजिफांतला नव्हे. बाबराने १५२७ साली सिंधकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत पाने १२०, पण दरबारी मंडळी राजा आणि प्रधान एवढीच. गुलाम आला तो विलायती पत्त्यांबरोबर. तिकडे त्याचे नाव ‘नेव्ह’. या शब्दाचा मूळ अर्थ पोरगा, पुढे नोकर आणि कालांतराने लबाड! नोकर म्हणजे चोर, हा अन्याय एकट्या मराठीचा नाही.

हाच डाव इंग्रजीत ‘ओल्ड मेड’, म्हणजे प्रौढ कुमारिका. तेथे एक राणी काढतात, आणि एकटी उरलेली राणी हशाचा विषय होते. जर्मनीत उरणारा तो ‘काळा पीटर’. हरणाऱ्याच्या तोंडाला काजळी फासण्याची तिकडे चाल होती. आपला दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालणे, याला जर्मन भाषेत आजही ‘काळा पीटर सरकवणे’ म्हणतात. जपानात डावाचे नाव ‘बाबानुकी’; त्यातली ‘बाबा’ म्हणजे म्हातारी.

कुमारिका, म्हातारी, गुलाम! ज्या समाजाला जे माणूस बिनजोडीचे वाटले, त्याचे नाव त्याने उरल्या पानाला दिले. वास्तविक त्या पानाचा अपराध कोणता? त्याचा जोडीदार डाव मांडण्यापूर्वी आपणच काढून घेतलेला असतो.

जपान्यांचा ‘जिजिनुकी’ हा प्रकार म्हणूनच अधिक न्यायाचा. त्यात कोणतेही एक पान न पाहता दूर ठेवतात. चोर कोण, हे शेवटपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. कधी बदामाची सत्ती, तर कधी खुद्द राजा! यंदा फराळानंतर एक डाव तसा मांडून पाहावा. गुलामालाही दिवाळीची सुटी मिळेल.