लॅटिनो अस्मिता: कायदा, जनगणना आणि चळवळ

प्रस्तावना

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ६ कोटी २१ लाख लोकांची नोंद हिस्पॅनिक किंवा लॅटिनो अशी झाली. या लोकांचा वंश एक नाही आणि पूर्वजांचा देशही एक नाही. अनेकांच्या घरात आज स्पॅनिश बोलली जात नाही. मग त्यांना जोडणारे सूत्र कोणते? लॅटिनो अस्मिता केवळ वारशाने आलेली नसून ती इतिहासात कशी घडत गेली, हे या पाठात पाहू.

वेगवेगळ्या वाटा

सर्व लॅटिनो स्थलांतर करून आले, हा समज बरोबर नाही. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहानंतर कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको हे प्रदेश अमेरिकेकडे गेले. तेथील मेक्सिकन लोक आपले गाव न सोडता दुसऱ्या देशात आले. १८९८ मध्ये पोर्तो रिको बेट अमेरिकेने स्पेनकडून घेतले आणि १९१७ मध्ये तेथील रहिवाशांना नागरिकत्व दिले. १९५९ च्या क्रांतीनंतर क्युबातून निर्वासित आले. या तिन्ही समूहांचे अनुभव निराळे होते.

कागदावरचे गोरेपण

कायद्याच्या दृष्टीने मेक्सिकन वंशाचे नागरिक ‘गोरे’ मानले जात. व्यवहारात मात्र त्यांच्या मुलांसाठी अनेक ठिकाणी वेगळ्या शाळा होत्या. ही विसंगती ‘हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास’ या १९५४ च्या खटल्यात उघड झाली. जॅक्सन काउंटीत २५ वर्षांत मेक्सिकन किंवा लॅटिन अमेरिकन नावाची एकही व्यक्ती ज्युरीवर बसल्याची नोंद नव्हती. टेक्सास राज्याचा युक्तिवाद असा की, मेक्सिकन लोक गोरेच आहेत आणि ज्युरीही गोरी आहे, मग भेदभाव कसला? प्रत्यक्षात तेथील न्यायालयाच्या आवारात पुरुषांसाठी दोन स्वच्छतागृहे होती. एकावर कोणतीच पाटी नव्हती. दुसऱ्यावर इंग्रजीत ‘कृष्णवर्णीय पुरुष’ आणि त्याखाली स्पॅनिशमध्ये ‘पुरुष येथे’ असे लिहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने राज्याचा युक्तिवाद फेटाळला.

नाव कोणी दिले, कोणी घेतले?

१९६० च्या दशकात मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी ‘चिकानो’ हा पूर्वी हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द अभिमानाने स्वीकारला. सेझार चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्ता यांनी शेतमजुरांची संघटना बांधली. १९७६ मध्ये या समाजाची स्वतंत्र आकडेवारी गोळा करण्याचा कायदा झाला आणि १९८० च्या जनगणनेत हिस्पॅनिक मूळ असल्याचा प्रश्न सर्वांना विचारला गेला. ‘हिस्पॅनिक’ या शब्दाचा रोख स्पेन व स्पॅनिश भाषेकडे, तर ‘लॅटिनो’चा लॅटिन अमेरिकेकडे आहे. म्हणूनच पोर्तुगीज बोलणारे ब्राझिलियन लोक पहिल्या शब्दात सहसा मोडत नाहीत. ‘लॅटिनो’ हा शब्द जनगणनेच्या प्रश्नात २००० मध्ये आला.

समारोप

एकच नाव लावल्याने मेक्सिकन मजूर आणि क्युबन निर्वासित यांच्यातील फरक झाकले जातात. परंतु जॅक्सन काउंटीतील अन्याय सिद्ध झाला तो २५ वर्षांच्या नोंदींत एका समूहाची नावे शोधल्यामुळेच. वेगळा समूह म्हणून मान्यता नसेल, तर त्याच्यावरचा अन्यायही कायद्याला दिसत नाही. म्हणून घरात स्वतःला मेक्सिकन किंवा पोर्तो रिकन म्हणवणारी व्यक्ती हक्क मागताना ‘लॅटिनो’ म्हणून उभी राहते, यात विसंगती नाही. अस्मिता वारशातून येते, तशीच समान वागणुकीच्या मागणीतूनही घडते.